न शमणारें वैर : एका इंग्रजी विशेषणाचा इतिहास

इंग्रजी वर्तमानपत्र किंवा इतिहासाचें पुस्तक वाचतांना ‘इम्प्लॅकेबल’ हें विशेषण आपणांपैकीं बहुतेकांना केव्हां ना केव्हां भेटलेलें असतें. त्याच्या जोडीला बहुधा ‘शत्रु’, ‘द्वेष’ किंवा ‘विरोध’ यांपैकीं एखादें नाम असतें. कोश उघडावा तर ‘शांत न होणारा’, ‘कट्टर’, ‘हाडवैरी’ असे अर्थ मिळतात. तेवढ्यानें वाक्य लागतें आणि आपण पुढें जातों. परंतु या शब्दाच्या पोटांत एक प्रश्न दडलेला आहे, आणि घाईनें पुढें जाणाऱ्या वाचकाला तो दिसत नाहीं. एखाद्याला ‘शांत न होणारा’ म्हणावयाचें, तर त्याला शांत करण्याचा प्रयत्न कोणी केला होता काय? आणि केला असल्यास तो नाकारला कोणी? आज हा प्रश्न हातीं धरून प्रथम शब्दाचें मूळ पाहूं, मग प्राचीन रोम व कार्थेज यांच्या वैराची हकीकत तपासूं, आणि शेवटीं याच नांवाच्या एका जहाजाची गोष्ट ऐकूं.

हा शब्द मूळचा लॅटिन. ‘प्लाकारे’ या लॅटिन क्रियापदाचा अर्थ शांत करणें, राग उतरविणें, समजूत घालणें. आवडणें या अर्थाचें ‘प्लाकेरे’ हें दुसरें क्रियापद त्याच्याच गोत्रांतलें. इंग्रजींतील ‘प्लीज’ हा रोजचा विनयाचा शब्द त्या दुसऱ्या क्रियापदापासून आला. पहिल्याच्या आधीं नकारार्थी उपसर्ग व शेवटीं शक्यता दाखविणारा प्रत्यय लागून ‘इम्प्लाकाबिलिस’ हें विशेषण झालें : ज्याला शांत करतां येत नाहीं तो. रोमन माणसाला हें क्रियापद वेदीपुढें नित्य लागे. देव कोपला, पितर रुष्ट झाले, तर नैवेद्य दाखवून, बळि अर्पून त्यांना शांत करावयाचें. आपल्याकडे घरांत अरिष्ट आलें म्हणजे ग्रहांची शांति करतात, कुलदैवत रागावलें असें वाटलें म्हणजे त्याची ओटी भरतात. त्यामागील भावना हीच. तेव्हां ‘इम्प्लाकाबिलिस’ म्हणजे नुसता रागीट नव्हे. ज्याच्यापुढें नैवेद्याचें ताट ठेवलें आणि ज्यानें तें दूर लोटलें, त्याला हें विशेषण शोभतें.

हाच अर्थ दुसऱ्या बाजूनेंहि पटतो. इ. स. १६११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरांत, पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत, दुर्गुणांची एक लांबलचक यादी आहे. तींत हें विशेषण येतें. त्याच्या जागीं मूळ ग्रीक पाठांत जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘तर्पणाविना’ असा होतो. ग्रीक लोक तह करतांना देवांच्या नांवानें मद्य भूमीवर ओतीत, आणि त्या विधीवरून तहालाच तें नांव पडलें होतें. म्हणजे जो तहाचें मद्य ओतावयास तयारच होत नाहीं तो. गंमत अशी, कीं त्याच बायबलांत दुसऱ्या एका पत्रांत तोच ग्रीक शब्द आला असतां भाषांतरकारांनीं त्याचा अर्थ ‘तह मोडणारे’ असा केला. एकच शब्द, एकदां तह न करणारा, एकदां तह मोडणारा. हे दोन अर्थ एकमेकांच्या किती जवळ आहेत, तें पुढें दिसेलच.

आतां वापराविषयीं थोडें. इंग्रजींत या शब्दाला तीन शेजारी आहेत, आणि पुष्कळ वेळां एकाच्या घरीं जावयाचें तें आपण दुसऱ्याच्या दारीं जातों. ‘रिलेंटलेस’ म्हणजे उसंत न देणारा. तो पावसाला लागतो, पाठलागाला लागतो. ‘इन्एक्झोरेबल’ म्हणजे विनवण्यांनीं न वळणारा. तो काळाला किंवा नियतीला अधिक शोभतो. ‘इरिकन्सिलेबल’ दोन पक्षांना मिळून लागतो. दोघांचें जुळत नाहीं एवढेंच तो सांगतो, दोष कोणाचा तें सांगत नाहीं. ‘इम्प्लॅकेबल’ मात्र एकाच बाजूकडे बोट दाखवितो. त्याला मन असलेला धनी लागतो, कारण समजूत घालावयाची ती मनाची. उच्चार करतांना जोर ‘प्लॅ’वर द्यावयाचा.

मराठींत याला नेमका प्रतिशब्द शोधूं गेल्यास पंचाईत होते. वैराचे शब्द आपल्याकडे कमी आहेत असें नाहीं. ‘हाडवैर’ आहे, ‘उभा दावा’ आहे, ‘सात पिढ्यांचें वैर’ आहे, आणि थट्टेनें बोलावयाचें तर ‘विळ्याभोपळ्याचें सख्य’हि आहे. पण हाडवैर वैराची खोली सांगतें, सात पिढ्या त्याची लांबी सांगतात, विळाभोपळा जन्मजात स्वभाव सांगतो. समेटाचा हात पुढें आला होता आणि तो झिडकारला गेला, ही गोष्ट यांपैकीं एकहि शब्द सांगत नाहीं. उलट वैराला कोठें तरी सीमा असावी, ही शिकवण आपल्या परंपरेंत जुनी आहे. रावण पडल्यावर त्याचा अंत्यविधि यथासांग करण्यास रामानें बिभीषणास सांगितलें, हें रामायण ऐकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

शब्दाचा अर्थ असा ठरल्यावर तो इतिहासांत कसा लागू पडतो, तें पाहूं. इंग्रजी इतिहासग्रंथांत हें विशेषण ज्यांना वारंवार चिकटतें, त्यांत कार्थेजचा सेनापति हॅनिबल अग्रभागीं आहे : रोमचा इम्प्लॅकेबल शत्रु. कार्थेज हें उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील, आजच्या ट्युनिस शहराजवळचें, फिनिशियन व्यापाऱ्यांनीं वसविलेलें नगर. रोमशीं त्याचीं तीन युद्धें झालीं. पहिलें इ. स. पू. २६४ ते २४१, दुसरें २१८ ते २०१ आणि तिसरें १४९ ते १४६. हॅनिबलच्या वैराची ख्याति मुख्यतः एका शपथेवर उभी आहे. तो नऊ वर्षांचा असतांना बाप हॅमिल्कार यानें त्याला वेदीपाशीं नेलें आणि रोमविरुद्ध शपथ घ्यावयास लावली, अशी ती कथा.

ही कथा नीट वाचली पाहिजे. ती ज्याच्याकडून आपल्याला मिळते, तो ग्रीक इतिहासकार पॉलिबियस असें सांगतो, कीं ती हॅनिबलनें म्हातारपणीं सीरियाचा राजा अँटायोकस याला सांगितली. त्या वेळीं हॅनिबल परागंदा होऊन राजाच्या आश्रयास राहिला होता, आणि त्याचें आंतून रोमशीं संधान आहे असा राजाला संशय आला होता. तो फेडण्यासाठीं त्यानें ही बाळपणची आठवण काढली. शिवाय पॉलिबियसच्या सांगण्याप्रमाणें शपथ एवढीच होती, कीं मी रोमचें कधीं हित चिंतणार नाहीं. पुढें रोमन इतिहासकार लिव्ही यानें तीच हकीकत एके ठिकाणीं लिहिली तेव्हां ती झाली अशी, कीं शक्य होतांच मी रोमचा शत्रु होईन. मित्र न होण्याची प्रतिज्ञा आणि शत्रु होण्याची प्रतिज्ञा यांत केवढें अंतर आहे!

शपथेपेक्षां वर्तन महत्त्वाचें. हॅनिबलनें आल्प्स ओलांडला, इ. स. पू. २१६ मध्यें कॅनी येथें रोमन सैन्याचा प्रचंड संहार केला, आणि पंधरा वर्षें इटलीच्या भूमींत ठाण मांडलें. हें सारें खरें. पण इ. स. पू. २०२ मध्यें झामाच्या लढाईपूर्वीं रोमन सेनापति सिपिओ याला भेटून तह करूं म्हणणारा हॅनिबलच होता. सिपिओनें तें मानलें नाहीं. लढाईंत हॅनिबल हरला. कार्थेजच्या सभेंत एक गृहस्थ तहाच्या अटींविरुद्ध बोलावयास उभा राहिला, तेव्हां हॅनिबलनें त्याला हातानें ओढून व्यासपीठावरून खालीं आणलें आणि अटी स्वीकारण्याचा आग्रह धरला. ज्याचें वैर कशानेंहि शमत नाहीं, तो असें वागतो काय?

त्या अटीहि सोप्या नव्हत्या. पन्नास वर्षांत १०,००० टॅलंट चांदी द्यावयाची. दहा गलबतें ठेवून बाकीचें लढाऊ आरमार रोमच्या स्वाधीन करावयाचें. आणि रोमच्या परवानगीवांचून कोणाशींहि युद्ध करावयाचें नाहीं. कार्थेजनें त्या पाळल्या. व्यापारानें तें इतकें सावरलें, कीं इ. स. पू. १९१ मध्यें उरलेली सगळी खंडणी एकदम फेडण्याची त्यानें तयारी दाखविली. रोमनें ती नाकारली. कर्ज फिटलें तर ऋणको मोकळा होतो, आणि रोमला तो मोकळा नको होता.

पुढें शेजारचा न्युमिडियाचा राजा मॅसिनिसा कार्थेजचा प्रांत तुकड्यातुकड्यानें गिळूं लागला. कार्थेजनें रोमकडे दाद मागावी आणि रोमनें राजाची बाजू घ्यावी, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. अशाच एका तंट्याच्या चौकशीला गेलेल्या शिष्टमंडळांत वृद्ध केटो होता. खचलेलें नगर पाहावयास मिळेल अशी त्याची कल्पना. पाहतो तों बाजार भरलेले, माणसें सुखी, कोठारें गच्च. परत आल्यावर त्यानें आपल्या झग्याच्या घडींतून ताजीं अंजिरें काढून सीनेटला दाखविलीं आणि हीं पिकविणारा देश येथून अवघ्या तीन दिवसांच्या वाटेवर आहे, असें सांगितलें. तेव्हांपासून विषय कोणताहि असो, कार्थेज नष्ट झालें पाहिजे हें मत सांगितल्यावांचून तो आपलें भाषण संपवीना. त्याच सीनेटमध्यें सिपिओ नासिका हा उलट, कार्थेज राहूं द्यावें, असें म्हणत असे, हेंहि विसरतां कामा नये. प्रतिस्पर्ध्याच्या धाकानें रोमचें शील टिकेल, असा त्याचा विचार होता. एखादें राष्ट्र सबंधच्या सबंध निष्ठुर असतें असें नाहीं; त्यांत दोन मतें असतात, आणि एक मत जिंकतें.

शेवटीं मॅसिनिसाच्या जाचाला कंटाळून कार्थेजनें परवानगीवांचून त्याच्याविरुद्ध शस्त्र उचललें. तहाचें कलम मोडलें गेलें. जुन्या ग्रीक शब्दाचे दोन अर्थ येथें समोरासमोर उभे राहतात : एक पक्ष तह मोडणारा ठरला, आणि दुसरा तह न करणारा. इ. स. पू. १४९ मध्यें रोमचें सैन्य आफ्रिकेंत उतरलें. कार्थेजनें प्रतिकार केला नाहीं. रोमनें ओलीस म्हणून थोर घराण्यांतील ३०० मुलें मागितलीं, तीं दिलीं. आया किनाऱ्यापर्यंत रडत गेल्या. मग शस्त्रें मागितलीं. २ लक्ष योद्ध्यांचीं चिलखतें व हत्यारें आणि दगड व बाण फेकणारीं २,००० यंत्रें गाड्यांवर लादून पोंचतीं केलीं. नैवेद्याचें ताट याहून मोठें कोणतें असावयाचें? तें घेऊन झाल्यावर रोमन अधिकाऱ्यांनीं शेवटची आज्ञा सांगितली : नगर सोडा आणि समुद्रापासून सुमारें १५ किलोमीटर आंत कोठेंहि नवें वसवा, हें नगर आम्ही पाडणार. दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या नगराला ही मरणाचीच आज्ञा होती.

तेव्हां कार्थेज लढावयास उठलें. मंदिरांतून कारखाने निघाले, स्त्रियांनीं आपले केस कापून यंत्रांच्या दोरांसाठीं दिले, आणि निःशस्त्र झालेलें तें नगर तीन वर्षें झुंजलें. इ. स. पू. १४६ मध्यें तें पडलें. आग सतरा दिवस धुमसत होती. शरण आलेले सुमारें ५०,००० लोक गुलाम झाले. तेथील जमिनींत मीठ पेरल्याची जी गोष्ट सांगतात, ती मात्र एकाहि प्राचीन ग्रंथकारानें लिहिलेली नाहीं. केटो युद्धाच्या पहिल्याच वर्षीं वारला. इच्छा पुरी झालेली त्यानें पाहिली नाहीं. ज्यानें ती पुरी केली तो धाकटा सिपिओ जळतें नगर पाहून रडला, आणि होमरच्या ट्रॉयविषयींच्या ओळी म्हणूं लागला. जवळ पॉलिबियस उभा होता. त्यानें कारण विचारलें तेव्हां, एके दिवशीं माझ्याहि नगरावर अशीच वेळ येईल अशी भीति वाटते, असें त्यानें सांगितलें.

आतां आपला प्रश्न पुन्हा विचारूं. या वैरांत समजूत न पटणारा पक्ष कोणता? ज्यानें मुलें दिलीं, शस्त्रें दिलीं, पैसा आगाऊ देऊं केला तो? कीं ज्यानें तें सर्व घेऊन पुन्हा मान मागितली तो? आणि तरीहि विशेषण चिकटलें तें हॅनिबलला! याचें कारण सरळ आहे. कार्थेजचे स्वतःचे इतिहासग्रंथ आज उरलेले नाहींत. आपण वाचतों तें रोमनांनीं आणि रोमच्या सहवासांत राहिलेल्या ग्रीकांनीं लिहिलेलें. कार्थेज जळून शंभरांहून अधिक वर्षें लोटल्यावर रोमचा महाकवि व्हर्जिल यानें आपल्या काव्यांत कार्थेजची राणी डायडो हिच्या तोंडीं एक शाप घातला : दोन्ही प्रजांमध्यें केव्हांहि स्नेह होऊं नये. कधीं न शमणाऱ्या द्वेषाचे उद्गार मृत नगराच्या राणीच्या तोंडीं, आणि लिहिणारा कवि विजेत्यांचा. प्रतिपक्षाला ‘न शमणारा’ ठरविलें, कीं आपल्या न शमण्याला आवश्यकतेचें नांव देतां येतें. या विशेषणाचा हा सर्वांत धोक्याचा उपयोग होय.

रोमनें तेथेंच ऑगस्टसच्या काळांत नवें कार्थेज वसविलें आणि तें साम्राज्यांतील मोठ्या नगरांपैकीं एक झालें. पण त्या जुन्या तहाचें काय? तो करावयाचा राहूनच गेला होता. अखेर इ. स. १९८५ मध्यें रोम आणि कार्थेज या दोन शहरांच्या नगरप्रमुखांनीं एकत्र येऊन मैत्रीच्या करारावर सह्या केल्या. २,१०० वर्षांहून जुन्या वैरावर हा समारंभापुरता पडदा होता, हें खरें. परंतु तहाचें मद्य कितीहि उशिरां ओतलें तरी भूमि तें नाकारीत नाहीं, एवढें त्यावरून दिसलें.

आतां जहाजाची गोष्ट. इंग्रज आरमाराला हें विशेषण फार आवडलें आणि त्यानें तें लढाऊ जहाजाला दिलें. तें जहाज मुळांत इंग्रजांचें नव्हतें. फ्रान्समधील रोशफोर बंदरांत बांधलेलें आणि इ. स. १८०० मध्यें पाण्यांत सोडलेलें तें ७४ तोफांचें जहाज. द्युगे-त्रुएँ या फ्रेंच दर्यावीराचें नांव त्याला दिलेलें होतें. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं ट्राफल्गारच्या लढाईंत तें इंग्रजांविरुद्ध लढलें आणि निसटलें. पंधरा दिवसांच्या आंत बरोबरच्या तीन जहाजांसह तें इंग्रजांच्या हातीं सांपडलें. त्या तिघांपैकीं एकाचें नांव, योगायोगानें, ‘सिपिओं’ होतें. पकडलेल्या जहाजाचें इंग्रजांनीं बारसें केलें, ‘इम्प्लॅकेबल’. शत्रूच्याच लांकडावर, शत्रूची कधीं समजूत पटावयाची नाहीं, हें नांव कोरलें गेलें.

त्या काळीं हें नांव कोणाला खोटें वाटलें नसेल. इंग्लंड व फ्रान्स हीं राष्ट्रें इ. स. १६८९ पासून पुनः पुन्हा लढत आलीं होतीं, आणि त्यांचें वैर निसर्गानेंच घातलें आहे असें शहाणीं माणसें मानीत. पण १८१५ मध्यें वॉटर्लू झालें, आणि १८५४ मध्यें क्रिमियाच्या युद्धांत तेच दोन देश एका बाजूनें लढले. १९०४ मध्यें त्यांनीं वसाहतींचे जुने तंटे मिटवून स्नेहाचा करार केला. १९४० मध्यें इंग्रजांनीं अल्जीरियाच्या किनाऱ्यावर मेर-एल-केबीर येथें फ्रेंच आरमारावर तोफा डागल्या आणि सुमारें १,३०० फ्रेंच खलाशी मारले गेले, तेव्हां जुनी आग पुन्हा भडकावयास यापेक्षां सबळ कारण नको होतें. तरीहि दोन्ही राष्ट्रें दुरावलीं तीं कायमचीं नव्हेत.

इकडे जहाज म्हातारें झालें. तोफा उतरल्या आणि मुलांना खलाशीगिरी शिकविणारें जहाज म्हणून तें वापरांत आलें. पोर्टस्मथ बंदरांत त्याच्या सोबतीला तसेंच एक दुसरें जुनें जहाज होतें. तें आपल्या मुंबईच्या गोदींत वाडिया कारागिरांनीं सागवानाचें बांधून १८१७ मध्यें समुद्रांत सोडलेलें ‘त्रिंकोमाली’. तें सुदैवानें इंग्लंडांतील हार्टलपूल येथें जतन झालें. ‘इम्प्लॅकेबल’च्या नशिबीं तें नव्हतें. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीचा खर्च कोणाला पेलेना. इंग्रजांनीं तें फ्रान्सला देऊं केलें. फ्रान्सनेंहि घेतलें नाहीं. तेव्हां २ डिसेंबर १९४९ रोजीं तें आइल ऑफ वाइटजवळच्या समुद्रांत ओढून नेलें आणि तळाशीं सुरुंग लावून बुडविलें. त्या दिवशीं त्याच्यावर दोन निशाणें फडकत होतीं, एक इंग्रजांचें आणि एक फ्रेंचांचें, शेजारीं शेजारीं. एकमेकांविरुद्ध लढतांना ज्या दोन निशाणांखालीं तें वावरलें होतें, तीं दोन्हीं त्याच्याबरोबर पाण्याखालीं गेलीं. त्याच्या पिछाडीचें कोरीव काम आणि नाळेवरील मूर्ति तेवढी काढून घेतलेली होती. ती ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयांत आहे.

श्रोतेहो, एका विशेषणासाठीं मी आपणांस फार दूर फिरविलें. पण हा शब्द केवळ परीक्षेच्या पुस्तकापुरता नाहीं. दोन राष्ट्रांत असो, दोन पंथांत असो, किंवा एका वाड्यांतील दोन बिऱ्हाडांत असो, ‘तो माणूस कशानेंहि ऐकावयाचा नाहीं’ हें वाक्य उच्चारण्यास एक क्षण पुरतो. आणि उच्चारल्यावर आपल्याला कांहीं करावयाचें उरत नाहीं, हीच त्यांतली सोय असते. अशीं माणसें जगांत असतात, केटो होता. पण तीं शपथेवरून किंवा आरडाओरडीवरून ओळखूं येत नाहींत. पुढें केलेल्या हाताचें त्यांनीं काय केलें, यावरूनच तीं ओळखावीं लागतात. म्हणून पुढच्या वेळीं हें विशेषण आपल्या वाचनांत आलें, म्हणजे तें कोणी कोणाला लावलें आहे हें आधीं पाहावें. आणि त्याच्यापुढें ताट कोणी ठेवलें होतें काय, याचा शोध त्याच पानावर, नाहीं तर मागच्या पानावर, घ्यावा.